जुनाच इन्व्हर्टर, जुनंच सोलर आणि नवी लिथियम : कॅरव्हॅनमधल्या नऊ महिन्यांचा अनुभव

आमची कॅरव्हॅन म्हणजे भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला, दोघांपुरता छोटा ट्रेलर. एरवी वारज्याला सोसायटीच्या आवारात उभा असतो, सुट्टी मिळाली की गाडीमागे लावून निघायचं. त्यातली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) ट्यूबलर, म्हणजे लेड-अॅसिड बॅटरी डिसेंबरात काढली तेव्हा मी आणि शेजारचे काका, दोघांच्याही कमरेनं साथ सोडली. पन्नास किलोंच्या वरचं धूड ते. नवी १०० एएचची लिथियम मी एका हातानं उचलून आत ठेवली, वजन १२ किलो. ट्यूबलर निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे कामाचे ७५ एएच. ही ९० एएचपर्यंत बिनधास्त वापरतोय.

घरात पहिला प्रश्न आला तो आगीचा. स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. ही बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, मोबाइलमधल्यापेक्षा वेगळ्या रसायनाची आणि उष्णता बरीच जास्त सोसणारी. तरीही फ्यूज आणि घट्ट कनेक्शन यात कसूर नको, कारण धोका सेलपेक्षा वायरिंगमध्ये जास्त असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, लिथियम घेताय तर इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर सगळंच लिथियमचं घ्या." हिशेब केला तर बॅटरीएवढाच खर्च आणखी होत होता. मी थांबलो, तपकीर गल्लीतून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणला आणि आधी मोजायचं ठरवलं. चार्जिंगच्या तीन वाटा होत्या : घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, छपरावरची १०० वॉटची दोन पॅनेल आणि गाडीकडून येणारी वायर. बदलावा लागेल तर इन्व्हर्टर, असं मी धरून चाललो होतो. तो आजही तोच आहे. बदलावी लागली ती तिसरी वाट.

इन्व्हर्टरचं आधी सांगतो. मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायची कळ होती, ती अर्थात ट्यूबलरवर. तशीच ठेवून चार्जिंग लावलं आणि मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरून बसलो. १४.४, १४.५, १४.६ आणि खट्कन चार्जिंग बंद. बॅटरीच्या पोटातल्या बीएमएसनं (सेल जपणारं, बॅटरी फार भरली किंवा फार रिकामी झाली की जोडणी तोडणारं सर्किट) स्वतःला तोडून घेतलं होतं. चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाची कमाल ३.६५ व्होल्ट, म्हणून चौघांचे १४.६. कळ एसएमएफवर (पाणी न घालाव्या लागणाऱ्या बंद अॅसिड बॅटरीच्या सेटिंगवर) केली तर व्होल्टेज १४.१ ला थांबलं आणि नंतर १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरल्यानंतर टिकवून ठेवायच्या व्होल्टेजवर आलं. लिथियमला एवढं पुरतं. करंट १२ अँपिअरचा, त्यामुळे रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात, पण रिसॉर्टच्या आवारात रात्रभर प्लग लावून ठेवायला कोणाची घाई असते? एक मात्र आहे, इन्व्हर्टरवरचे बॅटरी लेव्हलचे दिवे आता निव्वळ शोभेचे. ते अॅसिड बॅटरीचा हिशेब सांगतात.

सोलरचा कंट्रोलर तर त्याहून सोपा निघाला, फक्त सेटिंगमध्ये शिरावं लागलं. तो महिन्यातून एकदा आपणहून इक्वलायझेशन करायचा, म्हणजे अॅसिड बॅटरीच्या प्लेट साफ करण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम चढवायचा. लिथियमला हे अजिबात नको, ते आधी बंद केलं. दुसरं तापमानाचं. अॅसिड बॅटरी तापली की चार्जिंग व्होल्टेज कमी करायचं असतं, एका अंशाला एका सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल धरले आणि मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात ४५ अंश झाले, तर २५ अंशांच्या हिशेबानं १४.२ चे १३.८४ होतात आणि बॅटरी भरता भरत नाही. कंट्रोलरमधला तो ३ मिलिव्होल्टचा आकडा शून्य केला. बूस्ट, म्हणजे भरतानाचं व्होल्टेज, १४.२, फ्लोट १३.५, बस्स. स्वच्छ उन्हात दिवसाला ६० एएच मिळतात, आमचा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून खर्च ४५ ते ५०. पावसाळ्यात मात्र १५ मिळाले तरी बरं म्हणायचं.

आता गाडीकडून येणारी वायर. जुनी वायर ६ चौरस मिलिमीटरची, गाडीच्या बॅटरीपासून कॅरव्हॅनपर्यंत सात मीटर, मध्ये साधा रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच. लिथियम लावल्यावर मोजलं तर १३-१४ अँपिअरच येत होते. नाना पेठेत वायरिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "काका, एवढ्या वायरीत व्होल्टेज मरतं. वेल्डिंग केबल टाका, पंचवीसची." त्याचं म्हणणं खरंच होतं. केबल टाकली, मोठा अँडरसन कनेक्टर लावला, करंट ४५ वर गेला. मला फार आनंद झाला.

फेब्रुवारीत दिवेआगरला सुरूच्या सावलीत दोन दिवस काढले, पॅनेलवर ऊन नाही, बॅटरी २० टक्क्यांवर. रविवारी दुपारी परत निघालो आणि माणगावच्या कोंडीत अडकलो. गाडी जागच्या जागी, एसी चालू, पाऊण तास. मग जळकट, प्लास्टिकचा वास आला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर फ्यूजच्या होल्डरची एक कड मेणासारखी वाकली होती आणि अल्टरनेटरजवळ (इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करतो तो) हात नेववेना. कनेक्टर ओढून काढला तेव्हा माझे हात थरथरत होते. मागच्या सीटवर आई बसली होती.

झालं होतं असं. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की मिळेल तेवढा करंट ती ओढत राहते. अॅसिड बॅटरी भरत जाते तशी हळूहळू आपणच आखडतं घेते, ही जवळजवळ शेवटपर्यंत आखडत नाही. इंजिन आयडलला असलं की अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, गारवा मिळत नाही, आणि काम तर तेवढंच. ती जुनी बारीक वायर, जिला मी दोष देत होतो, तीच इतके दिवस अल्टरनेटरला सांभाळत होती.

मार्चमध्ये रिले काढून २० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर बसवला. इंजिन चालू असेल तरच चालतो, करंट २० च्या वर जाऊ देत नाही, आणि गाडीकडून व्होल्टेज कमी आलं तरी स्वतः चढवून १४.२ देतो. ज्यांच्या नव्या गाड्यांत अल्टरनेटर पेट्रोल-डिझेल वाचवायला व्होल्टेज उतरवतो, त्यांना तर याच्याशिवाय गत्यंतर नाही. जाड केबलही वाया गेली नाही, चार्जरला तिकडून २४-२५ अँपिअर लागतातच. संपूर्ण बदलात पैसे खर्च करावेत असं मला वाटतं ते इथे.

दुसरा खर्च शंट मीटरचा, म्हणजे बॅटरीत किती करंट गेला आणि किती निघाला याचा हिशेब ठेवणाऱ्या मीटरचा, तोही करावाच. या बॅटरीचं व्होल्टेज ७० टक्क्यांना १३.२ आणि ४० टक्क्यांना १३.१ च्या आसपास, त्यावरून काय कळणार? जूनमध्ये भंडारदऱ्याला मी व्होल्टमीटरवर विसंबलो. ढगाळ हवा, फ्रिज चालू, पहाटे सगळं बंद. टर्मिनलवर दीड व्होल्ट दिसत होते. बॅटरी मेली असं वाटून पोटात गोळा आला. बॅटरी रिकामी झाली म्हणून बीएमएसनं दार लावून घेतलं होतं, आणि समोर बॅटरी दिसल्याशिवाय सोलर कंट्रोलरही जागा होईना, डीसी चार्जरही. शेवटी इंजिन बंद ठेवून गाडीच्या बॅटरीतून जंपर केबल क्षणभर लावली, बीएमएस जागं झालं, केबल काढून इंजिन चालू केलं आणि चार्जरनं पुढचं काम घेतलं. आता फ्रिजचं बॅटरी-संरक्षण 'हाय'वर असतं, म्हणजे बीएमएसच्या आधी फ्रिज बंद होतो. दूध नासलं तर नासलं.

शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये म्हणतात, ते पुण्यात लागू पडत नाही. आपल्याकडे काळजी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये कॅरव्हॅन उभी असताना इन्व्हर्टरचा प्लग काढून ठेवतो, पॅनेलचा स्विच बंद, बॅटरी ६० टक्क्यांवर. भरून आणि तापून महिनोन्महिने पडून राहणं हिला मानवत नाही. महिन्यातून एकदा १४.१ पर्यंत पूर्ण भरतो, चारही सेल एका पातळीवर यायला तेवढी संधी द्यावी लागते.

गणपतीला गुहागरला चाललोय, पाच दिवस. पॅनेलकडून फारशी आशा नाही, पण वारजे ते गुहागर एवढा प्रवास डीसी चार्जरला बॅटरी भरायला पुरेसा आहे. या वेळी सोबत एक जादा फ्यूज आणि जंपर केबल घेतली आहे.