केमोच्या २१ दिवसांसाठी बाजारातल्या वस्तू: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात वस्तूंची रीघ लागते. कुणी प्रोटीनचा डबा आणतं, कुणी गव्हांकुराचा रस, कुणी ऑनलाइन मागवलेले बर्फाचे हातमोजे. इथे या वस्तू पारखल्या आहेत त्या एकाच उपचाराच्या संदर्भात. पॅक्लीटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची दोन औषधं दर २१ दिवसांनी, साधारण सहा सायकल, म्हणजे सहा फेऱ्या. बहुतेक बायकांना पहिल्यांदा हेच मिळतं. कधी आधी ऑपरेशन आणि मग सहा सायकल, तर कधी तीन सायकल, मध्ये ऑपरेशन आणि मग उरलेल्या तीन. कसोटी एकच ठेवली आहे: ही वस्तू २१ पैकी नेमक्या कोणत्या दिवशी कामाला येते? ज्या वस्तूचा दिवस सांगता येत नाही, तिच्यावर पैसे घालवू नका.

सगळ्यात मोलाची वस्तू दीड-दोनशे रुपयांत मिळते. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला धातू असलेला, जिभेखाली धरायचा. तिचे दिवस म्हणजे साधारण सातवा ते पंधरावा. या काळात पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, तळाला जातात आणि जंतुसंसर्गाची दुसरी कुठलीच खूण बहुतेक वेळा दिसत नाही. पू होत नाही, घशाला सूज दिसत नाही, कारण पू आणि सूज या पेशींमुळेच होते. दिसतो तो फक्त ताप. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. अँटिबायोटिकची पहिली सलाईन तिथे पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवी. सकाळी ओपीडीत दाखवू, हा विचार इथे जिवावर बेततो.

वापरताना चुका होतात त्या अशा. चहा किंवा गार पाणी घेऊन पंधरा मिनिटं झाल्याशिवाय तोंडात धरू नका. टोक जिभेच्या मुळाशी, बाजूला टेकवा, ओठ मिटा आणि बीप होईपर्यंत काढू नका. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण तिथे आकडा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो हे धरून चला. कपाळासमोर धरायचं पिस्तूल पंख्याखाली आणि घामाने चुकतं, ते घेऊ नका. आणि सगळ्यात मोठी चूक: अंग कसकसतंय म्हणून आधी क्रोसिन आणि मग थर्मामीटर. पॅरासिटामॉल ताप झाकून टाकतं, संसर्ग मात्र वाढत राहतो. आधी मोजा, आकडा लिहून ठेवा, मग गोळी.

आता बर्फाचे हातमोजे-पायमोजे. यांच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि विकणारे सगळ्यात कमी सांगतात. पॅक्लीटॅक्सेलमुळे बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सलाईन चालू असताना हात-पाय गार ठेवले तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नसांपर्यंत औषध कमी पोहोचतं, असा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात एकाच बाईचा एक हात गार ठेवून दुसरा तसाच ठेवला होता आणि गार हाताची संवेदना स्पष्टपणे जास्त टिकली. पण त्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंट होत्या, औषध आठवड्याला एकदा तासभर चालायचं आणि मोजे उणे २५ ते उणे ३० अंशांचे होते. आपल्याकडे डोस तीन तासांचा असतो आणि घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास. अमेरिकन ऑन्कॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनीही पुरावा अपुरा धरला आहे. तरीही आमचं मत 'घ्या' असंच आहे. अपाय थोडा आहे, आणि बधिरपणा एकदा बसला की तो काढायला हमखास औषध नाही.

मात्र हिशोब करून घ्या. मोजे सलाईन सुरू होण्याआधी १५ मिनिटं चढवायचे आणि संपल्यावर १५ मिनिटांनी काढायचे, म्हणजे साडेतीन तास झाले. जेलचा जोड अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतो. म्हणजे हातांसाठी निदान पाच जोड आणि पायांसाठी तेवढेच. दुकानदार दोन जोडांचा 'सेट' देतो आणि उतरवलेला जोड थर्माकोलच्या डब्यात ठेवा म्हणून सांगतो. त्या डब्यात गार जोड गार राहतो, कोमट झालेला पुन्हा गोठत नाही. परिणामी शेवटचे दोन तास हात उघडे. एवढे जोड परवडत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत चुरलेला बर्फ भरा, आत पातळ सुती मोजा घाला आणि पाणी झालं की पिशवी बदला. काम तेच होतं.

त्वचेवर थेट बर्फ कधीही लावू नका. बोट पांढरं पडलं, खूप दुखायला लागलं तर पाच-दहा मिनिटं मोजा काढा. रेनॉडचा त्रास (थंडीने बोटं पांढरी-निळी पडणं) किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर हे घेऊच नका. आणि एक गोष्ट सिस्टरना आधीच सांगून ठेवा: सुई हाताच्या पंजावर नको, वर कोपराच्या खाली लावा. पंजावर सुई आणि त्यावर बर्फ, की शीर आकसते आणि सलाईन रेंगाळते. औषध देण्यासाठी छातीत त्वचेखाली पोर्ट बसवलेला असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

बधिरपणा वाढतोय हे ओळखायला यंत्र लागत नाही. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, मंगळसूत्राचा फासा सापडत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. यातलं काहीही पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं ते यावरूनच ठरतं. 'सहन करीन पण डोस पूर्ण होऊ दे' म्हणून लपवलं तर हा त्रास वर्षानुवर्षं सोबत राहू शकतो. केमोमुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर पुराव्याने टिकलेलं औषध एकच आहे, ड्युलॉक्सेटिन, आणि तेही दुखण्यावर, बधिरपणावर नाही. मेडिकलमध्ये 'नसांच्या ताकदीच्या' कॅप्सूल सर्रास मिळतात. त्यांच्या लेबलवर असेटिल-एल-कार्निटिन लिहिलेलं असेल तर परत करा. पॅक्लीटॅक्सेलसोबत घेतल्यावर त्याने नसांचा त्रास वाढल्याचं चाचणीत दिसलं आहे.

उलटीच्या गोळ्यांबाबत फार लिहायची गरज नाही, कारण आता त्या चांगल्या आहेत, फक्त वेळेवर घेतल्या पाहिजेत. अ‍ॅप्रेपिटंट तीन दिवसांचं पाकीट असतं, १२५ मिग्रॅ आणि मग ८०-८०. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून पुढच्या दोन शिल्लक ठेवू नका. कार्बोप्लॅटिनची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते. ओलान्झापिन मानसोपचाराचं औषध आहे हे गुगलवर वाचून पुष्कळजणी ते घेतच नाहीत. मळमळीवर ते फार उत्तम काम करतं. तक्रार असते ती गुंगीची. टाटा मेमोरियलच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जास्त उलट्या आणणाऱ्या केमोमध्ये, २.५ मिग्रॅ डोस १० मिग्रॅइतकाच उपयोगी ठरला आणि गुंगी कमी आली. दिवसभर झोप येत असेल तर रात्रीच्या छोट्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. ऑन्डॅन्सेट्रॉनने पोट मात्र हमखास गच्च होतं. दुसऱ्या दिवसापासूनच पोट साफ करणारं लॅक्टुलोज सुरू करायचं का ते विचारून ठेवा. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यासोबतच, नाहीतर आतच त्याचा गोळा होतो. पोट फुगून उलट्या होत असतील, आतड्याला अडथळा असल्याची शंका असेल, तर इसबगोल अजिबात नको. काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, पडलेले असताना एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची औषधं टाळायची.

तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सांधे आणि मांड्या ठणकतात. त्यातच पेगफिल्ग्रास्टिमचं, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारं, इंजेक्शन घेतलं असेल तर कंबरेची हाडंही दुखतात. इथे हात जातो डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनकडे. ते नको. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या क्षमतेवरून काढतात: डॉक्टरांनी ठरवलेला लक्ष्य आकडा गुणिले (किडनीची गाळण्याची गती अधिक २५). लक्ष्य ५ आणि गती ८० असेल तर ५२५ मिग्रॅ. किडनी दुखावली की पुढचं सगळं गणित हलतं, शिवाय प्लेटलेट कमी असताना या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती. ताप मोजून पॅरासिटामॉल, तेवढंच.

पेगफिल्ग्रास्टिम महाग आहे, पण सगळ्यांना लागत नाही. ते वय, आधीचे काउंट आणि आधी आलेला ताप यांवर ठरतं. लिहून दिलं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. केमो संपल्यावर निदान २४ तासांनीच टोचायचं, त्यामुळे त्याच दिवशी गावी परतणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं. आणि प्रवासात २ ते ८ अंश हवेत. एसटीने नेताना जेलपॅकच्या डब्यात ठेवा, पण इंजेक्शनचं खोकं कापडात गुंडाळून, बर्फाला चिकटवून नाही. गोठू द्यायचं नाही. हलवायचंही नाही.

तोंडासाठी महागडा माउथवॉश नको. अल्कोहोल असलेला तर मुळीच नको, आग होते. घरचं पाणी असं: उकळून कोमट केलेलं एक कप पाणी, त्यात चहाच्या चमच्याने पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. दिवसातून चार-सहा वेळा, जेवणानंतर आणि झोपताना, खळखळून थुंकायचं, रोज ताजं करायचं. खायचा सोडा म्हणजे सोडाच. बेकिंग पावडर किंवा इनो चालत नाही, त्यात आम्ल असतं. दुखत असेल तर बेन्झिडामीनचा माउथवॉश चांगला, जेवणाआधी वापरला की घास गिळता येतो. जिभेवर पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो, त्याचं औषध वेगळं.

जुलाब झाले तर ओआरएसची पूड आणा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर अपाय होतो. खोक्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांच्या नावात हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ते योग्यच झालं.

प्रोटीनचा डबा घेण्याआधी मागचं लेबल वाचा. पहिला घटक साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तो ठेवून द्या. केमोच्या आसपास डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं, साखर तशीही चढते. मधुमेह असेल तर ते दिलेल्या दिवसांत ग्लुकोमीटर बाहेर काढाच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, कपभर दुधात ८. पूर्ण उकडलेलं अंडं, मऊ मुगाची खिचडी, पनीर, घरच्या तापवलेल्या दुधाचं ताजं ताक हे डब्यापेक्षा बरं. तोंडात धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी वापरा. तोंड आलं नसेल तर आमसुलाचं सार जेवण खाली उतरवतं.

गव्हांकुराचा रस, गुळवेल, पपईच्या पानांच्या गोळ्या यांना आमचा स्पष्ट नकार आहे. कच्च्या रसातून जंतू जातात, आणि तेही काउंट पडलेले असताना. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये नोंदवले आहेत. पॅक्लीटॅक्सेल शरीराबाहेर टाकतं ते यकृतच. पपईच्या पानांवरचं संशोधन बहुतेक डेंग्यूचं आहे, केमोने पडलेल्या प्लेटलेट ही वेगळी गोष्ट आहे. आणणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्याला दुखवू नका. त्याला सांगा, पुढच्या वेळी रिक्षाचं भाडं दे, किंवा केमोच्या दिवशी सोबत बस.

केस पॅक्लीटॅक्सेलने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, जवळजवळ सगळे. डोकं गार ठेवणारी टोपी मोठ्या शहरांत काही ठिकाणी मिळते. सुमारे निम्म्या बायकांचे केस बऱ्यापैकी टिकतात, पण प्रत्येक वेळी आधी अर्धा तास आणि नंतर तास-दीड तास जास्त बसावं लागतं. विग घ्यायचा तर केस जाण्याआधी घ्या, रंग आणि भांग जुळवता येतो. उन्हाळ्यात सुती ओढणी जास्त वापरली जाते, हेही धरून पैसे खर्च करा.

केमोचं औषध बदललं की वस्तूंची पेटीही बदलते, आणि हे फार कमी जणांना सांगितलं जातं. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन सुरू झालं तर तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. मग युरियाचं क्रीम, सैल चप्पल, आणि गरम पाण्यात भांडी घासणं बंद. बेव्हॅसिझुमॅब किंवा निरापारिब असेल तर रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दंडाला लावायचं बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. निरापारिबच्या पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करावी लागते, प्लेटलेट झपाट्याने पडू शकतात. ७७ किलोंपेक्षा कमी वजन किंवा दीड लाखांपेक्षा कमी प्लेटलेट असतील तर सुरुवात २०० मिग्रॅनेच होते. आपल्याकडच्या बहुतेक बायका त्यात बसतात, म्हणून चिठ्ठीवर ३०० दिसलं तर विचारा. ही गोळी झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवते. ओलापारिब ३०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. एखादी राहिली तर दुप्पट घेऊ नका. तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किंवा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दुसऱ्या कुणी लिहून दिलं तर ओलापारिब चालू आहे हे सांगाच, त्याची रक्तातली पातळी चढते. निरापारिब आणि ओलापारिब कुणाला किती उपयोगी पडतील हे बीआरसीए या जनुकांच्या तपासणीवर बरंच अवलंबून असतं. ती अजून झाली नसेल तर सहाव्या सायकलची वाट पाहू नका, रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात.

शेवटची वस्तू स्टेशनरीच्या दुकानातली. शंभर पानी वही. प्रत्येक पानावर सायकलचा दिवस, ताप, पोट साफ झालं का, मुंग्या कुठपर्यंत चढल्या, आणि केमोआधीच्या सीबीसीतला न्यूट्रोफिलचा आकडा. तो लॅब टक्क्यात देते. टोटल काउंट ३,००० आणि न्यूट्रोफिल ५० टक्के असतील तर १,५००. तेवढे आणि प्लेटलेट एक लाख असतील तर साधारणपणे पुढचा डोस मिळतो. आदल्या दिवशी घरीच हा गुणाकार करून बघितला तर पहाटेची गाडी पकडण्याआधीच डॉक्टरांना फोन करून विचारता येतं, यायचं की नाही.