शिबिर, विहार की विपश्यना: मुलांना नक्की कुठे पाठवायचं?

मार्च संपत आला की विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर पडायला लागतात. श्रामणेर शिबिर (काही दिवस भिक्षूसारखं राहायचं), बाल धम्म संस्कार शिबिर, आनापान शिबिर (श्वासावरचं ध्यान), युवा शिबिर. आईबापांचा प्रश्न एकच असतो, यातलं आमच्या पोराला कुठलं? ग्रुपवर उत्तर येतं, "सगळीच चांगली आहेत, जय भीम." चांगली आहेतच, पण सारखी नाहीत. बारा वर्षांच्या चुळबुळ्या मुलाला जे मानवतं ते नोकरीच्या काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या कॉलेजच्या मुलीला मानवेलच असं नाही.

महाराष्ट्रातल्या आंबेडकरी बौद्ध घरांना खरोखर हाताशी असलेले चार पर्याय इथे घेतले आहेत: विहारातला रविवारचा वर्ग, भारतीय बौद्ध महासभेची शिबिरं, विपश्यना केंद्रांचं आनापान आणि त्रिरत्न बौद्ध महासंघाचे युवा उपक्रम. माझं मत आधीच सांगून टाकते. शिबिर किती दिवसांचं, कुठल्या संघटनेचं, मोठे भन्तेजी कोण येणार, हे सगळं नंतर बघा. शिबिर संपल्यानंतरच्या रविवारी तुमच्या मुलाला नावाने हाक मारून "काय रे, बसतोस का रोज?" असं विचारणारं माणूस तिथे आहे का, ते आधी बघा.

विहारातला रविवारचा वर्ग

हा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात बेभरवशाचा पर्याय. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, एखादी गोष्ट, थोडी प्रश्नमंजूषा, शेवटी बिस्किटाचा पुडा. दोन-तीन महिन्यांत मुलांची वंदना तोंडपाठ होते. अर्थ मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहतो. "मुसावादा वेरमणी" (खोटं बोलणार नाही) खड्या आवाजात म्हणणारा मुलगा घरी येऊन सहज सांगतो की टीचरने आज गृहपाठ दिलाच नाही.

शिकवणारी ताई किंवा दादा चांगला असेल तर याच वर्गात कमाल होते. याच चौथ्या शीलावर घेतलेला एक तास माझ्या चांगला लक्षात आहे. ताईंनी व्याख्या सांगितलीच नाही. तांब्यात घोटभर पाणी ठेवून तो मुलांसमोर धरला आणि राहुलाची गोष्ट सांगितली. बुद्धांनी आपल्या मुलाला असंच भांड्याच्या तळाशी उरलेलं पाणी दाखवलं होतं: जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसेल तर माणसाचं साधूपण एवढंच उरतं. मग ते पाणी ओतून टाकलं, भांडं पालथं केलं. त्यानंतर बुद्धांनी दिलेला आरशाचा दाखला: करण्याआधी, करताना आणि केल्यावर आपल्या कृतीकडे बघ, हिने मला किंवा दुसऱ्याला त्रास होणार आहे का? एका मुलाने लगेच विचारलं, "मित्राला वाचवायला खोटं बोललो तर?" आणि पुढचा अर्धा तास मुलंच भांडत होती. राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला हा उपदेश सम्राट अशोकानेही वाखाणला होता. भिक्षू-भिक्षुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मग्रंथ भाब्रूच्या शिलालेखात त्याने कोरून ठेवले, त्यात हा आहे. दोन हजार वर्षांहून जुना अभ्यासक्रम आयता हाताशी असताना आपण मुलांकडून नुसत्या तारखा पाठ करून घेतो, याचा मला राग येतो.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बहुतेक विहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचतात मोठी माणसं, ऐकतात म्हाताऱ्या बायका, आणि मुलं बाहेर क्रिकेट खेळतात. तोच माईक एक दिवस नववीतल्या मुलीच्या हातात द्या. दोन पानं वाचायची म्हणून ती आदल्या दिवशी घरी चार वेळा वाचून येते, अडलेला शब्द आजोबांना विचारते. याला ना फंड लागतो ना शिबिर.

अडचण अशी की वर्ग एका माणसावर उभा असतो. त्या ताईंचं लग्न झालं किंवा त्या दादाची बदली झाली की वर्ग बंद. शिवाय आठवी-नववीत ट्यूशन सुरू झाली की मोठी मुलं गळतात, आणि उरतात ती पाच-सहा वर्षांची. तुमचं मूल चौदाच्या पुढचं असेल तर वर्गात त्याच्या वयाची किमान तीन-चार तरी आहेत ना, हे बघून या.

श्रामणेर शिबिर आणि आनापान: खरी निवड इथे आहे

बहुतेक घरं या दोन्हींत अडकतात.

भारतीय बौद्ध महासभा १९५५ साली बाबासाहेबांनी स्थापन केली, आणि तिच्या शिबिरांवर तो ठसा स्पष्ट दिसतो. श्रामणेर शिबिर साधारण दहा दिवसांचं असतं. मुंडण, चीवर (भिक्षूंचं वस्त्र), दहा शीलं, दुपारी बारानंतर जेवण नाही, पहाटेची वंदना. वर्गांत बाबासाहेबांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा, बाबासाहेबांचं चरित्र, धम्माचा इतिहास, संस्कारविधी. मुलींसाठी उपासिका शिबिरं होतात, लहानांसाठी बाल संस्कार शिबिरं. त्यातून मुलाला मुख्यतः ओळख मिळते. आपले पणजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला मिळेल त्या गाडीने नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला का गेले, घरातले देव का काढून टाकले, वर्गात कुणी आडनावावरून टोमणा मारला तर मान खाली का घालायची नाही, हे त्याला नीट कळतं. ही आध्यात्मिक वाढ आहे का? माझ्या मते आहे. ज्याची स्वतःबद्दलची लाज गेलेली नाही, त्याला डोळे मिटून बसवलं तरी तो लाजेसोबतच बसतो.

कमतरता म्हणजे भाषणं. एक वक्ता बसला की दुसरा उठतो, मे महिन्याचा उकाडा, हॉलमध्ये दोन पंखे, आणि समोर चीवरातली मुलं पेंगताहेत. ध्यान असतं, पण वेळापत्रकातल्या फटीत.

मुंडणाचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. नेऊ नका. अकरावीतला मुलगा जूनमध्ये तुळतुळीत डोक्याने कॉलेजात जाणार आहे, त्याला स्वतःला ते चालणार आहे का? राहुलाला अगदी लहानपणी प्रव्रज्या (घर सोडून संघात प्रवेश) दिली तेव्हा त्याचे आजोबा शुद्धोदन कळवळले आणि त्यांच्याच विनंतीवरून आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम झाला. म्हणून संमतिपत्रावर सही मागणारे संयोजक उगाच कागद नाचवत नसतात. त्याच कागदावर मुलाचीही सही घ्यावी, एवढं मी पदरचं जोडते.

विपश्यनेचं सगळं उलटं आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं, आणि आज राज्यात जागोजागी केंद्रं आहेत. मुलांना पूर्ण विपश्यना देत नाहीत, फक्त आनापान शिकवतात: नाकपुड्यांपाशी आत येणारा, बाहेर जाणारा नैसर्गिक श्वास पाहायचा. जप नाही, डोळ्यांसमोर मूर्ती आणायची नाही. मुलांची शिबिरं एक ते तीन दिवसांची, मध्ये गोष्टी आणि खेळ. १५ ते १९ वयोगटासाठी सात दिवसांचं वेगळं शिबिर असतं आणि ते खरंच कठीण असतं. शुल्क घेत नाहीत. शाळांमधला 'मित्र उपक्रम' हाही आनापानाचाच, त्यामुळे तुमच्या मुलाला दहा मिनिटं डोळे मिटून बसण्याची तोंडओळख कदाचित आधीच असेल.

परीक्षेची धास्ती, चिडचिड, मोबाइल सुटत नाही, अशा मुलांना याचा उपयोग होताना मी पाहिला आहे. पण वस्तीतून तक्रार येते, "तिथे बाबासाहेब कुठेत?" तक्रार खोटी नाही. ही परंपरा कुठल्याही धर्माच्या माणसाला दार उघडं ठेवते, म्हणून तिथे बावीस प्रतिज्ञा नाहीत, जयंती नाही, जातीचा प्रश्नही नाही. घरात रोज बाबासाहेबांचा विषय निघतो, पुस्तकं आहेत, आजी बोलते, तर आनापानाला पाठवलेल्या मुलाचं काही बिघडत नाही. घरात ते काहीच नसेल तर मात्र मुलाला श्वास कळेल पण आपण कोण ते कळणार नाही. अशा घराने आधी महासभेचं शिबिर करावं, आनापान पुढच्या सुट्टीत.

दोन्हींचा दोष मात्र एकच: शिबिर संपलं की संपर्क संपतो. घरी आल्यावर आठवडाभर मुलगा सकाळी उठून बसतो, मग शाळा सुरू होते आणि विषय मिटतो.

त्रिरत्न

इथे त्रिरत्नचं पारडं जड होतं. उर्ग्येन संघरक्षितांनी ही चळवळ १९६७ मध्ये लंडनला सुरू केली, पण त्यांची नाळ इथलीच. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली तेव्हा ते नागपुरात होते आणि पुढची काही वर्षं धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या वस्त्यांमधून फिरले. भारतातलं काम १९७९ पासून, दापोडीचं महाविहार आणि लोणावळ्याजवळचं भाजे इथलं सद्धम्म प्रदीप केंद्र पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत असतं. ध्यान आणि बाबासाहेब दोन्ही एकाच सतरंजीवर आणायचा प्रयत्न इथे होतो.

शिकवणारे धम्मचारी-धम्मचारिणी, म्हणजे या संघाची दीक्षा घेतलेले सदस्य, बहुतेक संसारी. जीन्स घालून स्कूटरवर येणारा, बँकेत नोकरी करणारा माणूस ध्यान घेतो, हे तरुणांना फार जवळचं वाटतं. भाषणापेक्षा गटचर्चेवर भर. मैत्री भावना या ध्यानात आधी स्वतःला, मग मित्राला, मग ओळखीपाळखीच्या कुणाला, मग न आवडणाऱ्या माणसाला आणि शेवटी सगळ्यांना सदिच्छा द्यायची असते. चौथ्या पायरीवर अर्धी मुलं गणिताच्या सरांना आणतात आणि चर्चेत हशा पिकतो. एखादी मुलगी मात्र हळूच बापाचं नाव घेते, तेव्हा समोरच्याला ऐकता यावं लागतं. शिबिरानंतर आठवड्याचा अभ्यासवर्ग आणि कल्याणमित्र, म्हणजे वाटेवर सोबत करणारा अनुभवी मित्र, असतो, हे याचं बळ.

मोजावा लागतो तो वेळ. अधूनमधून जाऊन इथे फारसं हाती लागत नाही. आणि काही घरांना वाटतं की मुलगा संस्थेतच गुंतत चालला, घरच्या विहाराकडे फिरकत नाही. बारावीनंतर वर्षभर मोकळीक असेल तर नागपूरला कामठी रोडवर नागलोक आहे. तिथे २००२ पासून नागार्जुन संस्थेचा सुमारे आठ महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम चालतो, वेगवेगळ्या राज्यांतली पोरं-पोरी एकत्र राहतात. लहान मुलांसाठी हा पर्याय नव्हे.

मग कुणी काय घ्यावं

बारापर्यंत: विहाराचा वर्ग, आणि वर्षातून एखादं एक दिवसाचं आनापान. पुरे आहे. तेरा ते सोळा: घरात आंबेडकरी वातावरण कमी असेल तर महासभेचं शिबिर, भरपूर असेल तर आनापान. सतरा-अठराच्या पुढे, जवळ केंद्र असेल तर त्रिरत्नचा युवा वर्ग. नसेल तर विपश्यनेचं शिबिर करून विहारात लहानांना शिकवायला लावा, शिकवताना जे पक्कं होतं ते ऐकताना होत नाही.

आणि ज्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, त्या सोळा वर्षांच्या पोराचं काय? त्याला समता सैनिक दलात, म्हणजे बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या स्वयंसेवक दलात, घाला. कवायत करेल, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, शिवाजी पार्कच्या रांगेत रात्रभर उभं राहून थकलेल्या म्हाताऱ्यांना पाण्याची बाटली देईल, वाट दाखवेल. करुणेवरची दहा व्याख्यानं त्याच्या डोक्यावरून गेली असती.

निवासी शिबिराचा फॉर्म भरण्याआधी, संघटना कितीही आपली असली तरी, तीन गोष्टी तोंडावर विचारा: मुलं झोपतात कुठे आणि रात्री सोबत कोण असतं, मुलींसोबत महिला कार्यकर्त्या किती, आणि मूल घरी बोलू म्हणालं तर फोन कोण लावून देतं. "आपलीच माणसं आहेत, काळजी करू नका" हे उत्तर नाही. नीट उत्तर देणाऱ्या संयोजकाला प्रश्नाचा राग येत नाही. जागा लवकर भरतात, तेव्हा एप्रिल उजाडायच्या आत हा फोन करा. आणि फोन करताना मुलाला शेजारी बसवा, त्याचेही दोन प्रश्न असतील.