बटलर कोणता ठेवावा: जीव्ज की स्टोक्स?

इंग्रजी विनोदी लेखक वुडहाऊस आवडतो, आता तसलंच काहीतरी पडद्यावर बघायचंय, असं कुणी म्हणालं की हटकून दोन ब्रिटिश मालिकांची नावं निघतात: 'जीव्ज अँड वूस्टर' आणि 'यू रँग, मिलॉर्ड?'. दोन्ही १९९० ते १९९३ मधल्या ('मिलॉर्ड'चा पहिला भाग तेवढा १९८८ च्या डिसेंबरातला). दोन्हींत पहिल्या महायुद्धानंतरचं इंग्लंड, बिनकामाचे श्रीमंत आणि त्यांना सांभाळून घेणारे नोकर. मी दोन्ही पूर्ण बघितल्यात, त्याही आईबरोबर, रात्रीच्या जेवणानंतर, सबटायटल लावून. तेव्हा पुढचं सगळं आमच्या हॉलमधलं निरीक्षण समजा.

आधी कबुली देऊन टाकतो. स्टीव्हन फ्रायचा जीव्ज आणि ह्यू लॉरीचा बर्टी वूस्टर, म्हणजे त्याचा मालक, यांच्या तोडीची जोडी 'मिलॉर्ड'मध्ये नाही. लॉरी पियानो बडवत गाणं म्हणतो, फ्राय मागे उभा राहून एक भुवई किंचित वर नेतो, आणि तेवढ्यावर अख्खा प्रसंग निघतो. (जीव्ज बटलर नव्हे, व्हॅले, म्हणजे मालकाचा खासगी नोकर, हे मला ठाऊक आहे, शीर्षकाबद्दल माफी असावी.) पहिला सीझन आम्ही तीन रात्रींत संपवला.

मग दुसऱ्या सीझनमध्ये बर्टीची डालिया आत्या आली आणि आई म्हणाली, "ही कोण?"

"आत्या."

"आत्या ती नव्हे का, परवाची?"

तीच, पण नटी बदललेली. तिसऱ्या सीझनला परत बदलली, चौथ्याला परत. चार सीझन, चार आत्या! बर्टीच्या ओळखीतल्या मॅडलिन बॅसेटचे तीन चेहरे. आणि त्याचा मित्र गसी फिंक-नॉटल याचं तर विचारूच नका. पहिल्या सीझनमध्ये रिचर्ड ब्रेन हा नट स्टेगल्स नावाचा लबाड माणूस झालाय. पुढे तोच भाबडा चेहरा करून गसी म्हणून येतो. वुडहाऊसच्या गोष्टी मुळातच गुंत्याच्या. कुणाचं कुणाशी ठरलं नि कुणाशी मोडलं, याचा हिशेब ठेवायला आपल्याला आधार चेहऱ्यांचाच. मी दर दहा मिनिटांनी पॉज करून वंशावळ सांगत बसायचो. पुस्तकं पाठ असणाऱ्याला हे कदाचित जाणवणारही नाही. मला जाणवलं, कारण रिमोट माझ्या हातात होता.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची 'मिलॉर्ड' म्हणजे जुन्या वळणाची नाटक कंपनीच. पॉल शेन, जेफ्री हॉलंड, सू पोलार्ड हे तिघं त्यांच्याच आधीच्या 'हाय-डी-हाय!' मालिकेतून आले आणि सगळे २६ भाग ठाण मांडून बसले. तिसऱ्या भागापर्यंत आईला ते घर पाठ. बटलर स्टोक्स हातचलाख, त्याच्या हाताखालचा जेम्स नाकासमोर चालणारा, मोलकरीण आयव्ही स्टोक्सचीच मुलगी पण मालकांना पत्ता नाही. घरातल्या म्हाताऱ्या लेडी लॅव्हेंडरच्या खोलीत कुणी ट्रे घेऊन शिरलं की आईच आधी म्हणायची, "आता फेकणार बघ."

ती सगळ्यात रमली स्वयंपाकीण मिसेस लिप्टनच्या स्वयंपाकघरात. नोकरांमध्येही तिथे पायऱ्या आहेत: वर बटलर, बऱ्याच खाली बूट पुसणारा हेन्री, ज्याने तोंड उघडलं की टपली, आणि त्याच्याही खाली रोज घासायला-पुसायला येणारी मेबल. उरलंसुरलं तिच्या वाट्याला. तिच्या एका प्रसंगाला हसता हसता आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्याकडे कामाच्या बाईंचा कप वेगळा असायचा. खिडकीत, पालथा." 'जीव्ज'मध्ये असं अडखळायला होत नाही. तिथे नोकर मालकापेक्षा हुशार, एवढ्यावर भागतं. कुणाला तेच हवं असेल, त्यातही काही वावगं नाही.

'मिलॉर्ड' निर्दोष आहे असं मुळीच नाही. पन्नास मिनिटांचा भाग दोन्हीकडे, पण इथे तो लांबतो. विनोद जरा ढोबळ, आणि मालकांचे भाऊ टेडीसाहेब यांचं मोलकरणींच्या मागे लागणं आज तितकंसं हसवत नाही.

एखादीच संध्याकाळ हाताशी असेल तर खुशाल जीव्ज लावा. महिनाभर रोज कुणाबरोबर तरी बसायचं असेल, तर मी आपला स्टोक्सकडे झुकेन. परवा आईनेच 'मिलॉर्ड' पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. आत्यांची तिने चौकशीसुद्धा केली नाही.