लोखंडातला कोबाल्ट: स्पिन-एको की रांगेत लावलेली केंद्रकं?
मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, एमएस्सीच्या पोरांशी मिलिकेल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याला टेकलेल्या थंडीवर, बोलणं झालं. लोखंडात विरळ मिसळलेल्या कोबाल्टच्या केंद्रकांचं रिलॅक्सेशन, म्हणजे विस्कटलेल्या स्पिननी पुन्हा समतोलात येणं, मोजायचं कसं? स्पिन-एको (रेडिओ लहरींचे ठोके देऊन केंद्रकांच्या स्पिनचा प्रतिध्वनी ऐकायचा) सोपा, द्रव हेलियमची थंडीही पुरते. पण सिग्नल बहुधा डोमेनच्या (लोखंडातल्या एकाच दिशेने चुंबकित भागांच्या) भिंतींतून येतो आणि तिथे रिलॅक्सेशन जलद दिसतं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून भिंती घालवाव्या लागतात.

माझा कल दुसरीकडे. किरणोत्सारी कोबाल्ट-६०ची केंद्रकं १० मिलिकेल्विनच्या आसपास रांगेत लावायची, रेडिओ लहरींनी रांग मोडायची, आणि गॅमा किरणांची दिशावार वाटणी पूर्ववत कशी होते ते बघत बसायचं. अणू फारच थोडे लागतात. फक्त, अनुनाद साधारण १६६ मेगाहर्ट्झला, म्हणजे ८ मिलिकेल्विनइतकी ऊर्जा, जवळपास नमुन्याच्या तापमानाइतकीच. त्यामुळे धातूंतल्या केंद्रकांसाठीचा कोरिंगाचा ‘रिलॅक्सेशनचा वेळ गुणिले तापमान स्थिर’ हा नियम, जो ही ऊर्जा तापमानापेक्षा खूप कमी असतानाच चालतो, इथे जसाच्या तसा लावू नका रे.