आईची दुर्बलता-तपासणी: एका वृद्धोपचार केंद्राचा अनुभव
न्यूमोनियातून उठून दोन महिने झाले तरी आईला पूर्वीची उभारी येईना, म्हणून आम्ही तिला एका वृद्धोपचार केंद्रात नेले. अमेरिकी वृद्धोपचारतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पाच निकषांवर, म्हणजे नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची पकड, चालण्याचा वेग आणि रोजची हालचाल यांवर, तेथे तपासणी होते. त्यांपैकी तीन लागू पडले की दुर्बलता धरतात. आईला नेमके तीन लागू पडले. दात-ओठ खाऊन पकड मोजण्याचे यंत्र दाबूनही काटा जेमतेम १४ किलोपर्यंत गेला. हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने फार संयमाने शिकवला. चालण्याची चाचणी मात्र नुकत्याच पुसलेल्या, ओल्या फरशीवर घेतली, हे मला अक्षम्य वाटते. सहा आठवड्यांनी आई आधाराशिवाय उठू लागली आहे. पकड अजून तितकीच आहे.