चावीचं सिग्नलरोधक पाकीट: दोन हिवाळे वापरून

आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतो, गाडी बाहेर ड्राइव्हवेवरच असते. समोरच्या घरची एसयूव्ही रात्रीतून गेली, ना काच फुटली, ना अलार्म वाजला. आमच्याही गाडीची चावी नुसती जवळ असली की तिच्या सिग्नलवर दार उघडतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ह्यांनी तो सिग्नल अडवणारी दोन पाकिटं मागवली.

पाकीट आलं की चावी आत घाला, झाकण नीट दुमडा, गाडीला खेटून उभं राहा आणि हँडल ओढा. दार उघडायला नको. आमचं एक पाकीट अजून चांगलं आहे. दुसरं सात-आठ महिन्यांत गेलं. घडीवर आतलं चंदेरी कापड तडकलं होतं, नख लावलं तर भुगा पडला. म्हणून दर महिन्याला हँडल ओढून बघाच. जादा चावीही पाकिटातच हवी. आमची कपाटात उघडी पडली होती, ते सासूबाईंच्या लक्षात आलं.

पण हे पाकीट फक्त रिले चोरी अडवतं, म्हणजे एकाने दाराशी चावीचा सिग्नल पकडायचा आणि दुसऱ्याने गाडीपाशी तो वापरायचा. चोराने ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, यंत्र लावून नवी चावी बनवली, किंवा हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या नेटवर्कमध्ये खोटा संदेश सोडला, तर तुमची चावी बँकेच्या लॉकरमध्ये असूनही उपयोग नाही.

हे लोकांना कोणी धड सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने गाडीचोरी रोखायला फ्लिपर झीरो या रिमोटचे सिग्नल पकडणाऱ्या, खिशात मावणाऱ्या यंत्रावर बंदी आणायचं जाहीर केलं. पण रिलेला दोन टोकांना दोन यंत्रं लागतात, ते काम याचं नाही. आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांत रिमोटचा पकडलेला कोड पुन्हा चालत नाही, तो दर वेळी बदलतो. मार्चमध्ये सरकारने भूमिका सौम्य केली. त्याच सुमारास टोरोंटोच्या एका पोलीस अधिकाऱ्याने तिथल्याच एटोबिको भागातल्या सभेत सांगितलं, चाव्या दाराशीच ठेवा, म्हणजे चोर घरात घुसून हल्ला करणार नाहीत. सल्ला चांगल्या हेतूने दिला होता, पण इतरही मार्ग आहेत, असं पोलिसांनी मागाहून स्पष्ट केलं. आमच्या ग्रुपवर मात्र दाराशी चाव्या ठेवायचा मेसेजच अजून फिरतो.

पाकिटाला पाचपैकी तीन. आधी स्टिअरिंगला कुलूप घालणारा लोखंडी दांडा घ्या, मग पाकीट. उणे पंधरात हातमोजा काढून दांड्याची किल्ली फिरवावी लागते, बोटं बधिर होतात, तरी मी रोज लावते.