बाबांच्या पोटात निघालेली तांबी

कापसाची दुसरी वेचणी सुरू होती तेव्हा बाबांचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर जळजळ, रात्री जास्त. गावात मोटरसायकलवर येणाऱ्या डॉक्टरनं दोन इंजेक्शनं दिली आणि शहरातल्या एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर त्याचं स्वतःचं नाव मोठं, बाबांचं बारीक. पेशंट कोणी पाठवला हे तिथं कळावं म्हणून, हे मला फार उशिरा समजलं.

दवाखान्यात कोणी बाबांच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही. आधी एक्स-रे. अर्ध्या तासानं आम्हाला आत बोलावलं, फिल्म दिव्याच्या पेटीवर लावलेली होती. डॉक्टर पेन फिरवत म्हणाले, "हे काळं काळं दिसते ना, सगळं पोटात साचलेलं विष आहे. आणि खाली हा पांढरा खडा अडकला. उद्या ऑपरेशन नाही केलं तर किडनी जाते." मी बारावी सायन्स, तरी त्या उजेडापुढे मुकाट मान डोलावली.

खर्च ४५,००० सांगितला, त्यातले १५,००० त्याच दिवशी. आम्ही खेडा खरेदीवाल्याला अडीच क्विंटल कापूस पडत्या भावात देऊन टाकला. पावती म्हणजे साध्या कागदावर आकडा आणि एक सही. बाबा मात्र भरती व्हायला तयार होईनात. "बोंडं फुटून रायले अन् मी काय खाटीवर पडून राहू?" फिल्मचं पाकीट काखेत मारून ते घरी आले. त्यांच्या त्या हट्टानंच आम्ही वाचलो.

रात्री आमच्या गावातल्या आरोग्यसेविका आशाताई म्हणाल्या, पोट फाडायच्या आधी सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून तर या.

तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी बाबांना निजवलं, पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं, काय खाता, कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं. मग फिल्म खिडकीकडे धरली, खाली केली, परत धरली.

"काकाजी, ही फिल्म तुमचीच का?"

"मंग कोणाची?"

"यात तर तांबी आहे."

"बायाइले बसवते ते? मले?"

आई पदर तोंडात कोंबून हसली. मला हसू आलं नाही. तो पांढरा "खडा" इंग्रजी टी अक्षरासारखा होता, आता डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. तांब्याची तार एक्स-रेत पांढरी उमटते. फिल्मवर ना नाव, ना तारीख, ना उजव्या बाजूची खूण. बाबांचं नाव होतं ते फक्त पाकिटावर, पेनानं लिहिलेलं.

आणि ते काळं विष? आतड्यातला वायू. तो सगळ्यांच्याच पोटात असतो आणि फिल्मवर काळाच दिसतो. त्या डॉक्टरनं आणखी समजावलं. आतडं अडकलं किंवा फुटलं असा संशय असेल तर एक्स-रे कामाचा; आतडं फुटलं की उभ्यानं काढलेल्या फिल्ममध्ये बहुतेक वेळा छातीच्या पडद्याखाली हवेची काळी कोर दिसते. मूतखडे बरेचसे दिसतात, पण युरिक ॲसिडचे दिसत नाहीत. पित्ताशयातले बहुतेक खडे दिसत नाहीत. अपेंडिक्सची सूज तर नुसत्या एक्स-रेवरून कोणी सांगत असेल तर तिथूनच उठायचं. बाबांची सोनोग्राफी केली, दोन्ही किडन्या साफ. दुर्बिणीनं पाहिलं तर जठराला सूज. वेचणीत अंग दुखते म्हणून किराणा दुकानातल्या गोळ्या ते रिकाम्या पोटी गिळत होते. ही सूज एक्स-रेत दिसतच नाही, म्हणजे पहिली फिल्म खरोखर बाबांची असती तरी तिच्यात दुखणं सापडलं नसतं.

पहिल्या दवाखान्यात पैसे परत मागायला गेलो तर "फिल्म बदलली असेल, गर्दी होती" म्हणाले. मी विचारलं, मग सर, खडा कोणाच्या पोटात पाहिला तुम्ही? उत्तर नाही. तपासणी आणि खाटेचे कापून ९,००० परत दिले. ज्या खाटेवर बाबा बसलेसुद्धा नव्हते, तिचे. फिल्म परत ठेवून घ्यायची त्यांना फार घाई होती. मी दिली नाही.

ती अजून आमच्या कोनाड्यात आहे. आई अधूनमधून तिच्यावरची धूळ पुसते अन् म्हणते, त्या बाईले कोणाचं पोट दाखवलं असन रे?